शेजारचा मोहल्ला : ओळख कशी होते?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिमांची संख्या सुमारे एक कोटी एकोणतीस लाख आणि बौद्धांची सुमारे पासष्ट लाख आहे. शहरांतून हे दोन्ही समाज बहुधा एकमेकांना लागून राहतात. एका बाजूला विहार, मध्ये रस्ता किंवा नाला, पलीकडे मशीद, असे चित्र मुंबईपासून नांदेडपर्यंत कोठेही दिसेल. दळणाची गिरणी एक, रेशनचे दुकान एक आणि पाण्याची ओरडही एकच. असे असूनही आपल्या वस्तीतील दहावी-बारावीच्या मुलामुलींना विचारून पाहावे, की ईद दरवर्षी वेगवेगळ्या महिन्यात का येते? शंभरात पाच जणांनाही उत्तर सांगता येत नाही. मात्र बोकड, बुरखा आणि तलाक या तीन शब्दांवर प्रत्येकाचे मत तयार असते. हे मत शेजाऱ्याला पाहून झालेले नसते, ते मोबाईलवर आयते आलेले असते.

शेजार असला म्हणजे ओळख असतेच असे नाही, हा या लेखाचा विषय आहे. ओळख मुद्दाम करून घ्यावी लागते, आणि ती वेळ येण्यापूर्वीच करून घ्यावी लागते. वेळ आल्यावर धावाधाव करून ती होत नाही.

ही वेळ म्हणजे काय, ते मुंबईकरांना सांगण्याची गरज नाही. ६ डिसेंबर हा आपल्यासाठी बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस. १९९२ साली त्याच दिवशी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे घडले, त्यात नऊशे माणसे मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्यांची फोड आहे : ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ जणांचा धर्म कळला नाही आणि ५ इतर. त्या दिवसांत वस्त्यावस्त्यांतून अफवा फिरत होत्या. दुधात विष घातले, बोटींतून हत्यारे उतरली, अमुक मोहल्ल्यातून जमाव निघाला. या अफवा खऱ्या की खोट्या, हे पलीकडे जाऊन विचारता येईल असा एक तरी माणूस ज्या वस्तीला माहीत होता, ती वस्ती वेगळी वागली. ज्यांना असा माणूस माहीत नव्हता, त्यांनी गच्चीवर दगड गोळा केले.

मुंबईपासून फार दूर नसलेली भिवंडी मात्र त्या दोन महिन्यांत शांत राहिली. याचे अनेकांना आश्चर्य वाटले, कारण भिवंडीचे नाव दंग्यांसाठीच घेतले जात असे. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तेथे मोठी दंगल झाली होती. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमला गेला. या आयोगाच्या कक्षेत भिवंडी आणि जळगावबरोबर आपले महाडही होते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आहे. १९८४ साली भिवंडी पुन्हा पेटली. यंत्रमागांचे शहर, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, स्थानिक कोकणी मुस्लिम, आगरी, मराठा अशी मिश्र वस्ती, आणि दोन दंगलींच्या आठवणी. १९९२ मध्ये येथे काय होईल, याचा अंदाज कोणीही वाईटच बांधला असता.

पण १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले होते. त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. शांतता समित्या त्याआधीही होत्या. त्यांत पुढारी, वकील, व्यापारी अशी ठराविक मंडळी असत आणि दंगल झाल्यावर किंवा सणाच्या आदल्या दिवशी त्यांना पोलीस ठाण्यात चहाला बोलावले जाई. खोपडे यांनी हा क्रम उलटा केला. प्रत्येक मोहल्ल्याची स्वतंत्र कमिटी, तीत दोन्ही धर्मांची माणसे, तीही शक्यतो साधी : मागावरचे कामगार, दुकानदार, भाजीवाले. कमिटीशी त्या भागातला पोलीस कर्मचारी कायमचा जोडलेला. बैठका नियमित. आणि मुख्य म्हणजे बैठकीत धर्मावर प्रवचन नाही. गटार तुंबले, दिवा लागत नाही, नवरा दारू पिऊन मारतो, अमुक पोरे नाक्यावर छेड काढतात, असे विषय. दोन माणसे सहा महिने एका गटारासाठी भांडली, की ती एकमेकांना नावाने ओळखू लागतात. बाबरी पडल्याची बातमी आली तेव्हा भिवंडीत ही ओळख चार वर्षांची जुनी झाली होती. अफवा आली की लोक त्या मोहल्ल्यातल्या कमिटीवाल्याला विचारत, तो जाऊन पाहून येई, आणि अफवा तिथेच संपे.

भिवंडीचे हे काम पुढच्या काळात मात्र तसेच राहिले नाही. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळ पोलीस ठाणे बांधण्याच्या वादातून तेथे पुन्हा हिंसा झाली. गोळीबारात दोघे मेले आणि दोन पोलिसांना जमावाने ठार केले. या वेळी झगडा दोन धर्मांत नव्हता, जमाव आणि पोलीस यांच्यात होता. एकदा बांधलेली ओळख बँकेतल्या मुदत ठेवीसारखी आपोआप वाढत नाही, ती चालू खात्यासारखी रोज भरावी-काढावी लागते, एवढे मी त्यावरून समजतो.

मुंबईत १९९४ मध्ये हाच विचार घेऊन मोहल्ला एकता समित्यांचे काम सुरू झाले. त्यावेळचे पोलीस आयुक्त सतीश सहानी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे ही त्यामागची माणसे. धारावीतले काम मला विशेष वाटते, कारण ते धारावीतल्याच माणसांनी केले. वकार खान हे कपडे शिवण्याचा छोटा व्यवसाय करणारे आणि भाऊ कोर्डे हे शाळेत कारकुनी केलेले गृहस्थ. या दोघांनी चार लहान मुलांना हिंदू, मुस्लिम, शीख आणि ख्रिस्ती धर्मगुरूंच्या वेषात उभे करून ‘हम सब एक हैं’ हे पोस्टर काढले. ते पोलीस चौक्यांतून आणि दुकानांतून लागले. या दोघांच्या मैत्रीवर ‘नाता’ हा माहितीपटही निघाला. पोस्टरवर बौद्ध मूल नाही, हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा खटकले होते. पण आपण तिथे गेलो नव्हतो, तर आपले मूल पोस्टरवर कसे येणार?

आता विद्यार्थ्यांसाठी थोडी साधी माहिती. ती कोणत्याही शेजाऱ्याला असावी इतकीच आहे.

इस्लाम या शब्दाचा अर्थ ईश्वरापुढे शरण जाणे. त्याच धातूपासून शांती या अर्थाचा ‘सलाम’ शब्द येतो. पाच आधार मानले जातात : एक ईश्वर आणि महंमद पैगंबर यांच्यावरील श्रद्धेचा उच्चार, दिवसातून पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, जकात, आणि ऐपत असल्यास आयुष्यात एकदा हज. मशिदीत मूर्ती नाही. नमाजाला उभे राहताना ओळीत मालक आणि हमाल खांद्याला खांदा लावून उभे राहतात. पहिली अजान देणारे बिलाल हे आफ्रिकी वंशाचे आणि गुलामीतून सुटलेले होते, ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी.

मुस्लिम कालगणना चंद्रावर चालते. वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, आणि आपल्या पंचांगात असतो तसा अधिक महिना तिच्यात नाही. त्यामुळे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. म्हणून कधी रमजान मे महिन्याच्या उन्हात येतो, तर कधी थंडीत. मोहरमबाबत एक चूक आपल्याकडे वारंवार होते. सुट्टी दिसली की मोबाईलवर ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ पाठवल्या जातात. मोहरमच्या दहाव्या दिवशी इ. स. ६८० मध्ये करबला येथे पैगंबरांचे नातू इमाम हुसेन मारले गेले. शियांसाठी तो शोकाचा दिवस आहे. आपल्याला कोणी ६ डिसेंबरच्या शुभेच्छा दिल्या तर कसे वाटेल, तसेच ते.

जकात म्हणजे दान असे आपण म्हणतो, पण ती ऐच्छिक नाही. ठराविक मर्यादेपेक्षा अधिक बचत वर्षभर राहिली, तर तिचा चाळीसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना देणे हे कर्तव्य आहे. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या आम्हा मंडळींना हे चांगले ठाऊक असते. रमजान जवळ आला की काही खातेदार पासबुक भरून घ्यायला येतात आणि शिल्लक पाहून कागदावर हिशेब मांडतात. काही जण व्याजाची रक्कम वेगळी विचारतात. कुराणात व्याज निषिद्ध असल्याने ते व्याज स्वतःवर खर्च करत नाहीत, पुण्याची अपेक्षा न ठेवता कोणा गरजूला देऊन टाकतात. काही जण मात्र मुदत ठेवीवर पाव टक्का जास्त कुठे मिळेल, याची चौकशी माझ्याइतक्याच बारकाईने करतात. मुस्लिम म्हणजे सगळे एका साच्यातले, हा समज काउंटरवर आठवडाभरात गळून पडतो.

आणि खरोखरच साचा एक नाही. सुन्नी-शिया हा भेद आहे. सुन्नींतही दर्ग्याला मानणारे बरेलवी आणि ते न मानणारे देवबंदी आहेत. बोहरा, खोजा, मेमन हे व्यापारी समाज गुजरातकडून आले. कोकणी मुस्लिमांची घरची बोली कोकणी. मालेगाव-भिवंडीचे मोमीन विणकर. खेड्यापाड्यांतले बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, मुलाणी, पिंजारी, शिकलगार, खाटीक ही नावे तर धंद्यावरून पडलेली आहेत, आपल्या बलुत्या-अलुत्यांसारखी. मशिदीच्या ओळीत समता आहे, पण सोयरीक जुळवताना जात विचारली जाते. ‘पाकिस्तान’वरील ग्रंथात बाबासाहेबांनी बंगालच्या १९०१ च्या जनगणनेच्या आधारे मुस्लिमांतील अश्राफ, अजलाफ आणि अर्जल हे थर दाखवून दिले आहेत. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळीने हाच प्रश्न हाती घेतला. जालन्याचे शब्बीर अन्सारी तिचे प्रमुख कार्यकर्ते, आणि अभिनेते दिलीपकुमार यांनी तिला जाहीर साथ दिली.

येथे आपल्या समाजाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या मर्यादित झाल्या. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. धर्म बदलला म्हणून जात पुसली जात नाही, हे आपण चौतीस वर्षे ओरडून सांगत होतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती दलितांना ही दारे अजून बंद आहेत. त्यांच्या मागणीचे काय करायचे, यावर आपल्यात मतभेद आहेत. वाटा कमी होईल ही भीतीही खोटी नाही. पण हा प्रश्न आपल्याला परका आहे असे तरी म्हणता येणार नाही.

आपल्या चळवळीच्या इतिहासातही हा शेजार आहे. जोतीरावांची शाळा सुटली होती. तेव्हा त्यांना पुन्हा शाळेत घालावे म्हणून वडिलांचे मन वळवणाऱ्यांत मुन्शी गफ्फार बेग होते. जोतीरावांनी पुढे महंमद पैगंबरांवर अखंड लिहिला. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर पाणी घेतल्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा जखमींपैकी काहींना मुस्लिम घरांतून आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मनुस्मृती जाळली गेली त्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली.

एवढेच सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले होते. प्रवासाची धूळ झाली होती म्हणून काही जणांनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले. तेव्हा एक म्हातारा मुस्लिम शिव्या देत धावून आला, की या लोकांनी हौद बाटवला. पाठोपाठ जमाव जमला. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवणार नाही या अटीवर, बरोबर हत्यारी शिपाई देऊन त्यांना आत सोडले गेले. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. महाडचा फत्तेखान आणि दौलताबादचा म्हातारा, दोघेही आपल्या इतिहासातले आहेत. सर्वधर्म समभावाच्या व्यासपीठावर पहिलाच सांगितला जातो आणि मोबाईलवर दुसराच फिरवला जातो. मुलांना दोघेही सांगावेत. त्यातून ती गोंधळत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

व्यासपीठांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. चार धर्मांचे चार प्रतिनिधी, चार हार, प्रत्येकाची दहा मिनिटे, आणि शेवटी सर्व धर्म एकच शिकवतात असा निष्कर्ष. हे खरे नाही. इस्लामचा पाया एक ईश्वर हा आहे, आणि आपल्या धम्मात निर्माता ईश्वर नाही. हा फरक लपवून केलेली मैत्री पहिल्या वादात तुटते. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात इतर पंथांबद्दल जो उपदेश आहे, त्याचा मुख्य भर वाणीच्या संयमावर आहे. आपल्या पंथाची अवाजवी स्तुती आणि दुसऱ्याची विनाकारण निंदा टाळावी, आणि एकमेकांचे विचार ऐकून घ्यावेत, एवढेच तो सांगतो. सगळे पंथ एक आहेत असे तो म्हणत नाही.

म्हणून मला ‘मशीद परिचय’ हा उपक्रम अधिक उपयोगी वाटतो. जर्मनीत १९९७ पासून दरवर्षी ३ ऑक्टोबरला मशिदी सर्वांसाठी खुल्या ठेवतात. ब्रिटनमध्ये २०१५ पासून असा दिवस पाळला जाऊ लागला. महाराष्ट्रातही गेल्या काही वर्षांत बऱ्याच मशिदींनी इतर धर्मीयांना, स्त्रियांसह, आत बोलावून नमाज, वजू, खुतबा समजावून देण्याचे कार्यक्रम केले आहेत. अशा एका भेटीला मी वस्तीतील पंधरा-वीस विद्यार्थ्यांबरोबर गेलो होतो. अर्धा तास कोणी बोलेना. मग नववीतल्या एका मुलाने विचारले, “मौलानासाहेब, अजानमध्ये अकबर बादशहाचे नाव रोज का घेतात?” मशिदीतली म्हातारी माणसेसुद्धा हसली. मौलाना म्हणाले, “बेटा, अकबर म्हणजे सर्वांत मोठा. बादशहाने ते नाव घेतले, अजानने बादशहाचे नाही.” मग प्रश्न थांबेनात. भिंतीतला कोनाडा कशाचा, बायका कुठे नमाज पढतात, भोंगा इतका मोठा का, जिहाद म्हणजे काय. भोंग्याच्या प्रश्नावर दोन ज्येष्ठांतच वाद झाला, आणि तो आम्हा सर्वांसमोर झाला हे फार बरे झाले.

नंतर मौलानांनी उलट विचारले, “तुम्ही बुद्धाला देव मानत नाही म्हणता. मग विहारात हात जोडून मागता काय?” आमची मुले एकमेकांकडे पाहू लागली. एका मुलीने सांगितले, की वंदना म्हणजे मागणे नव्हे, ज्याने मार्ग दाखवला त्याची आठवण आहे. उत्तर बरोबर होते, पण ते द्यायला तिला वेळ लागला. परत आल्यावर त्या मुलांनी आपण होऊन ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचायला घेतला. शेजाऱ्याला समजावून सांगताना आपलेच किती कच्चे आहे ते कळते.

एक सावधगिरी मात्र हवी. भेट ही ओळखीसाठी आहे, धर्मप्रचारासाठी नाही, हे दोन्ही बाजूंनी आधी बोलून घ्यावे. त्यांनी आपल्याला कलमा शिकवू नये, आणि आपण त्यांना बावीस प्रतिज्ञा देऊ नयेत. शिवाय मशिदीपुरतेच थांबू नये. मुस्लिम समाजाचा आवाज म्हणजे केवळ मौलानांचा आवाज नव्हे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि तोंडी तलाक बंद करण्याची मागणी केली. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. नाव फुल्यांकडून घेतले, हे सांगायला नको. तत्काळ तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २०१७ साली, म्हणजे त्या सात जणींनंतर एक्कावन्न वर्षांनी. मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकांचे पहिले संमेलन १९९० मध्ये सोलापूरला भरले. त्याआधी शेख महंमद श्रीगोंदेकर, आणि आपल्या अण्णा भाऊंचे साथी शाहीर अमर शेख. आपल्या वाचनालयात यांचे एखादे तरी पुस्तक असावे.

ज्या शाखांना अशी भेट ठरवायची असेल, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. मशिदीच्या ट्रस्टींना आठवडाभर आधी पत्र द्यावे आणि संख्या कळवावी. वीस-पंचवीसपेक्षा जास्त मुले नेऊ नयेत. शुक्रवारची दुपार टाळावी. तिसऱ्या प्रहरची असर आणि सूर्यास्तानंतरची मगरिब या दोन नमाजांच्या मधली वेळ बरी पडते, आणि थोडे थांबल्यास नमाजही पाहता येते. मुलींना ओढणी किंवा रुमाल बरोबर ठेवायला सांगावे. सर्वांनी प्रश्न आधी कागदावर लिहून आणावेत, पण ते गाळू नयेत. बुद्धपौर्णिमेला त्यांना विहारात बोलवावे, आणि त्या दिवसाच्या खिरीत काय असते ते आधी सांगावे. चहा बहुधा मशिदीकडूनच मिळतो. आपण बिस्किटे नेली तर चालतात. रमजानात मात्र ती सूर्य मावळेपर्यंत पिशवीतच ठेवावीत.